कार्तिकातली सावली

कापलेल्या भाताचा वास एकोणिसाव्या मजल्यापर्यंत चढतो, हे इथं राहायला येण्याआधी मला ठाऊक नव्हतं. दिवाळी सरते, नदीकडचं धुकं सकाळी नऊपर्यंत रेंगाळायला लागतं आणि एके दिवशी खिडकी उघडली की तो वास समोर उभा असतो. ओल्या गवताचा, थोडा दुधाचा, तळाशी चिखलाचा. मग दोन-तीन आठवडे मी खिडक्या लावून घेते. शेजारच्या फ्लॅटमधल्या बाई मात्र मुद्दाम गॅलरीत येतात. त्या लातूरकडच्या, हिंजवडीत नोकरीला. खोल श्वास घेऊन म्हणतात, "किती फ्रेश वाटतं ना!" मी हो म्हणते.

खाली घोटावड्याचं उरलंसुरलं शिवार दिसतं. एका अंगाला कारखान्यांची पत्र्याची छपरं, दुसऱ्या अंगाला लांबवर हिंजवडीच्या काचा आणि मधे भाताचे पिवळे तुकडे. त्यातला एक तुकडा माझ्या थोरल्या चुलत्यांचा, अण्णांचा होता. आता तिथं गवत आहे. मी राहते त्या इमारतीला लागूनच, उत्तरेला. ही इमारत बेचाळीस मजल्यांची आहे आणि तिचे नकाशे मी काढले आहेत.

मी या गावची. आमच्या घरात बारावीच्या पुढं शिकलेली पहिली मुलगी. वास्तुरचना शिकले, शहरातल्या एका मोठ्या कार्यालयात लागले, गावाकडं येणं दिवाळीपुरतं उरलं. पण भाताच्या दिवसांची आठवण म्हटली की मला वास्तुरचना आठवत नाही, तेरा वर्षांची मी आठवते.

अण्णांचं खळं गावात नावाजलेलं होतं. झोडणीच्या आठ दिवस आधी ते स्वतः जमीन ठोकून घ्यायचे, चुलतीकडून शेणानं सारवून घ्यायचे. त्यावर आंबेमोहोराचे भारे येऊन पडले की दुपारपर्यंत उन्हानं ते असे कडक व्हायचे की हात लावला तर कुरकुर वाजायचे. चपला घालून खळ्यावर पाय टाकलेला त्यांना चालायचा नाही. आणि पाळी आलेली बाई तर खळ्याच्या आसपासही चालायची नाही. माझी पहिली पाळी नेमकी झोडणीत आली. घरी एकटी ठेवायला नको म्हणून आईनं मला शेतावर आणलं होतं. अण्णांनी बांधाकडं बोट दाखवलं. "तितं उभी ऱ्हा. हिकडं फिरकू नगंस." बांधावर झाड नव्हतं. पाच दिवस मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या बांधावर होते. खळ्यावर माझे चुलतभाऊ पेंढ्यात लोळत होते, हसत होते. जेवणाची भाकरी आई लांबून टाकल्यासारखी द्यायची. कुणी मारलं नाही, कुणी ओरडलं नाही. अण्णांना तर त्यात काही वावगं केलं असंही वाटलं नसेल.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं जे सांगायचं आहे त्यात मी चांगली दिसणार नाही, आणि अण्णाही फार गरीब बिचारे होते असं कुणाला वाटू नये.

कार्यालयातले आमचे सर मोठे माणूस. बोलायला लागले की ऐकत राहावं. ते म्हणायचे, "पुण्याच्या या बाजूला लांबून ओळखावं असं काय आहे? शहर पोटासारखं सुटत चाललंय. त्याला चेहरा नको?" त्यांना या पट्ट्यात एक उंच, दुसरीकडं कुठं नसेल अशी इमारत हवी होती. बिल्डरला जागा मिळाली होती. माझ्या वडिलांनी आणि दोन चुलत्यांनी विकलेली चार एकर. एकट्या अण्णांनी आपली विकली नव्हती.

मला सरांचं मनापासून पटलं होतं. आजही बरंचसं पटतं. लहानपणी आम्ही जीपला लटकून कोळवणला आत्याकडं जायचो, तेव्हा ते खोरं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भाताचं होतं. आता तिथं भिंती आहेत. भिंतीआड शहरातल्या कुणाचं तरी फार्महाउस, महिन्यातून दोन रविवार उघडणारं. एक हिरवळ, एक कुत्रा, एक राखणदार. एकेका कुटुंबानं दोन रविवारांसाठी एकेक एकर खाल्ली. तीच माणसं एकावर एक रचली तर चाळीस शेतं एका शेतात मावतील, असा माझा साधा हिशेब होता. शहराला वाढायचंच असेल तर त्यानं वर वाढावं. आणि कुणाची तरी जमीन घेऊन बांधायचंच असेल तर निदान तिच्यावर मान वर करून बघण्यासारखं काहीतरी उभं राहावं. डबे नकोत. मी हे कार्यालयात बोलले तेव्हा सरांनी टेबलावर हात मारला. म्हणाले, "मग आकार तू सुचव. तू इथलीच आहेस."

मी भाताची लोंबी सुचवली. वर निमुळता होत गेलेला मनोरा, त्याला दाण्यांसारख्या फुगीर गॅलऱ्या. कंपनीनं पुढं तिला काहीतरी इंग्रजी नाव दिलं, पण गावात ती आजही लोंबीच आहे.

उंच इमारतीची सावली कधी, कुठं पडेल हे संगणकावर बघता येतं. वर्षातला कुठलाही दिवस, दिवसातला कुठलाही तास. मी एका दुपारी ती फिरवून पाहिली. जूनमध्ये आपल्याकडं सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकलेला असतो. दुपारची सावली इमारतीच्या पायाशीच, दक्षिणेला पडत होती. अण्णांचं शेत मोकळं. मग मी कार्तिक लावला. सूर्य दक्षिणेला कलला. मनोऱ्याखाली पार्किंगचा सात मजल्यांचा रुंद ठोकळा होता. त्याची सावली सकाळीच अण्णांच्या खळ्यावर चढली आणि दुपार उलटून गेली तरी उतरली नाही. मी पुन्हा फिरवली. तिसऱ्यांदा फिरवली. आता खरं लिहायचंच आहे तर लिहिते. तिसऱ्यांदा मला ते खात्रीसाठी बघायचं नव्हतं. मला ते बघायला आवडलं होतं.

जूनची आणि कार्तिकातली सावली दोन कागदांवर काढून सरांना दाखवली. ते चष्मा काढून म्हणाले, "गावच्या सभेत कुठला न्यायचा ते तू ठरव. तुझं गाव आहे."

सभा शाळेत झाली. अण्णांची ना-हरकत हवी होती, कारण त्यांच्या शेताकडं जाणारी गाडीवाट विकलेल्या जमिनीतून जात होती आणि वहिवाट त्यांची होती. ती सोडायची, त्या बदल्यात मागच्या बाजूनं डांबरी रस्ता मिळणार होता. टेबलावर इमारतीची छोटी प्रतिकृती ठेवली होती. लोक तिच्याभोवती वाढदिवसाच्या केकभोवती जमावं तसे जमले.

"ही लोंबी व्हय?" अण्णांनी वाकून बघितलं. "भरली लोंबी खाली वाकती. ही पोचट दिसतीया."

लोक हसले, सरही हसले. मग अण्णा सरळ झाले. त्यांनी सरांकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं.

"नंदे, तू सांग. ह्याची सावली माज्या शेतावर पडंल का?"

मी जूनचा कागद उघडून भिंतीवर धरला. "हे बघा अण्णा. ही इमारत, ही तिची सावली आणि हे तुमचं शेत. सावली या बाजूला पडते आहे." मी शहरातलं, पुस्तकातलं मराठी बोलत होते. कागदावरचं एक अक्षरही खोटं नव्हतं. कोपऱ्यात महिना लिहिलेला होता, कुणीही वाचू शकलं असतं.

"पोरगी सांगतीया म्हंजी झालं," अण्णा म्हणाले आणि सही करायला बसले.

इमारत व्हायला चार वर्षं लागली. ती झाली तेव्हा मी बावधनहून येताना रस्त्याच्या वळणावर गाडी थांबवून तिच्याकडं बघत बसायची. संध्याकाळी तिच्या गॅलऱ्यांवर ऊन लागलं की ती खरंच सुंदर दिसते. हे नाकारून मला साधेपणाचा आव आणायचा नाही. लोक लांबून तिचा फोटो काढतात. पत्ता सांगताना तिची खूण सांगतात. सरांना हवा होता तो चेहरा मिळाला. कोळवणमधल्या भिंती मात्र कमी झाल्या नाहीत, वाढल्या. माणसं वरही गेली आणि आडवीही पसरली. त्याचा हिशेब मी केला नव्हता.

मी तिथंच फ्लॅट घेतला. एकटीला पुरेसा.

आणि मग आला तो हंगाम, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले. बांधकामाची धूळ उडत होती तोवर अण्णांनी शेत पडीक ठेवलं होतं; त्या वर्षी पुन्हा भात लावलं आणि नेहमीसारखं खळं केलं. सारवलं, पण सारवण वाळेना. भारे आणून रचले. रात्री पडलेलं दव दिवसा तसंच राहायचं. चार दिवसांनी भाऱ्यात हात घातला तर आत कोमट लागायचं, शेणखताच्या ढिगात लागतं तसं. अण्णा दिवसातून तीन वेळा भारे उलटे-पालटे करायचे. गावातली माणसं रस्त्यानं जाताना ओरडायची, "अण्णा, लोंबीला म्हनावं जरा सरक!" हसून पुढं जायची. माझे वडीलही त्यात होते. अण्णांचा मुलगा बापाला रोज ऐकवायचा, "तवाच इकली असती तर हे बघायची पाळी आली नसती." मी वरून सगळं बघत होते. कामावर जाताना एकदा, आल्यावर एकदा.

पाचव्या की सहाव्या दिवशी अण्णांनी भात कसंबसं झोडलं आणि दाणे डोक्यावरून वाहून आमच्या सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर पसरले. त्यांना मिळालेला तो डांबरी रस्ता हाच. तिथं ऊन होतं. तासाभरात सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आले. गाड्यांवर धूळ उडते आहे, कबुतरं जमली आहेत, गाडी कुठून काढायची. कुणीतरी लिहिलं, "रस्ता म्हणजे काय अंगण आहे का?" मग एकानं मला उद्देशून लिहिलं, "नंदाताई, तुम्ही इथल्या आहात ना? तुम्ही बोललात तर ते ऐकतील."

मी खाली गेले. रखवालदार आधीच उभा होता. बिहारचा, नवीन. "बाबा, इधर नहीं सुखाने का," तो हात जोडून सांगत होता. अण्णा ऐकत नव्हते, पायानं दाणे पसरत होते. दोन-तीन लोक गाड्यांपाशी थांबले होते.

"अण्णा," मी म्हणाले, "हे उचलायला लागंल."

त्यांनी वर पाहिलं. घाम पापण्यांत उतरला होता. "कुटं ठिवू उचलून?"

त्यांनी इमारतीकडं पाहिलं, मग आपल्या खळ्याकडं, मग पुन्हा माझ्याकडं.

"नंदे, तुला ठावं व्हतं?"

तिथं खोटं बोलता आलं असतं. यंत्र चुकलं म्हणता आलं असतं. "व्हतं," मी म्हणाले.

"मग बोलली का न्हाईस?"

"मला वाटलं, तवर तुमी इकून टाकाल."

अण्णा खाली बसले आणि हातानं दाणे गोळा करायला लागले. डांबराच्या खडीत दाणे अडकले होते, ते बोटानं उकरत होते. रखवालदार न सांगता त्यांच्या मदतीला बसला. मी उभी राहिले. दाण्यांची कड संपली तिथं माझ्या चपला होत्या आणि मी त्या काढल्या नाहीत. गाडी काढता काढता एकजण काच खाली करून म्हणाला, "थँक्यू हं ताई." मी मान हलवली.

पंधरा दिवसांनी अण्णा माझ्या घरी आले. दुपारची वेळ होती, मला सुट्टी होती. फाटकावर वहीत नाव लिहून, लिफ्टनं. या इमारतीत ते पहिल्यांदाच पाय ठेवत होते. नव्या भाताचा तांदूळ भावकीत वाटायची आमच्याकडं पद्धत आहे. त्यांच्या हातात फडक्यात बांधलेला तांदूळ होता.

"शिजव," ते म्हणाले.

"ठेवा की अण्णा. संध्याकाळी करते."

"आत्ता शिजव. मी बसतो."

तांदूळ पिवळट होता, निम्मी कणी. धुताना पाणी गढूळ झालं. कुकरची शिट्टी झाली आणि घरभर ओल्या गोणपाटाचा वास पसरला. अण्णा तोवर खिडकीपाशी उभे होते.

"हितनं समदं दिसतं की गं."

"व्हय."

"माजं खळं तर ताटाएवढं दिसतंय. तू रोज बघतीस?"

"बघते."

मी ताटात भात वाढला. वरण लावायला उठले तर त्यांनी हातानं अडवलं. "नुसता खा. चव कळाया पायजे."

मी खाल्ला. पहिला घास पाण्याबरोबर गिळला. ते समोर खुर्चीवर टेकून बसले होते आणि माझ्या हाताकडं बघत होते. एक ताट संपलं. "अजून घे," ते म्हणाले. मी अजून घेतला. त्यांनी स्वतः शीतही तोंडात टाकलं नाही. दुसरं ताट अर्धं झालं असेल, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "बांधावर उभी केलती, ते ध्यानात ठिवलंस व्हय?"

मी कधीच कुणाला काही बोलले नव्हते. "ठेवलं होतं," मी म्हणाले.

"पोरीला एवढं ध्यानात ऱ्हातं, ते मला ठावं नव्हतं." ते उठले, फडकं झटकलं, घडी करून खिशात घातलं. दारात थांबून म्हणाले, "सगळा संपव." दार लागल्यावर मी संपवला. का, ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. टाकून द्यायला माझा हात उठला नाही, एवढंच.

पुढच्या वर्षी त्यांनी पेरलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी विकलं, त्याच बिल्डरला. व्यवहारात त्यांना याच इमारतीत बाराव्या मजल्यावर घर मिळालं, दक्षिणेकडचं. कार्तिकात तिथं दिवसभर ऊन असतं. बिनबाह्यांचा स्वेटर घालून अण्णा गॅलरीत बसलेले असतात. लिफ्टमध्ये गाठ पडली की विचारतात, "बरी हायेस?" मी म्हणते, "बरी हाय." मजला येतो.

गेल्या महिन्यात पुन्हा सभा झाली, त्याच शाळेत. अण्णांच्या जमिनीवर दुसरा मनोरा येतो आहे, पहिल्यापेक्षा उंच. सर थकले आहेत, पण बोलणं तेच. एक इमारत ही खूण असते, दोन झाल्या की शहराचं केंद्र तयार होतं, वगैरे. नकाशे याही वेळी मीच केले. या वेळी मी दोन्ही कागद नेले होते, जूनचा आणि कार्तिकाचा. विचारलं तर सांगायचं, नाही विचारलं तरी सांगायचं, असं ठरवून गेले होते. एवढ्या वर्षांत ते वाक्य मी मनात किती वेळा म्हटलं असेल.

अण्णांच्या शेताच्या उत्तरेला ताराबाई कसतात. दीड एकर भात, दोन म्हशी, नवरा नाही, मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. त्या मागच्या बाकावरून उठल्या. "माज्या रानावर सावली पडंल का वो?"

मी कागद उलगडायला घेतला. पण माझ्या आधी अण्णा बोलले, पहिल्या रांगेतून, मागं न वळता.

"पडंल की. कार्तिकात दिसभर पडंल. भात कुजंल तुजं."

मी लोकांकडं पाहिलं. आता कुणीतरी उठेल, निदान कुजबुज होईल. एकजण उठला. त्यानं विचारलं, नव्या इमारतीला पाणी कुठून देणार, आमच्या नळाला आधीच येत नाही. सरांनी त्याला समजावलं. मग रस्त्याच्या रुंदीचं निघालं. मग चहा आला. सगळ्यांदेखत सांगितलेलं खरं त्या खोलीत पडून राहिलं आणि लोक चहाचे कप घेऊन त्याला वळसा घालून गेले. मी दोन्ही कागद गुंडाळून रबर लावलं.

बाहेर ताराबाई पायरीवर बसून चपलेचा पट्टा लावत होत्या. मी त्यांच्यापाशी गेले. म्हणाले, "ताराबाई, मी सांगणारच होते तुम्हाला."

त्यांनी पट्टा लावला, पाय टेकवून बघितला आणि उठल्या.

"न्हाई सांगितलं असतंस तरी चाललं असतं," त्या म्हणाल्या. "इमारत वर चढंस्तवर दोन वर्सं झोप तरी लागली असती."

नव्या मनोऱ्याच्या पायाचं काम दिवाळीनंतर सुरू व्हायचं होतं, ते थोडं लांबलं आहे. आज सकाळी ताराबाईंच्या शेतात विळे लागलेत. चार बाया वाकून कापताहेत, त्यांच्या मागं भाताच्या मुठी ओळीनं पडताहेत. ऊन लख्ख आहे, आभाळात ढगाचा तुकडा नाही. यंदा त्यांचं भात वाळेल.